कराराचा तास

केझायाने खिडकीचे पडदे अर्धे ओढले आणि बाकाबाकावर एकेक कागद ठेवत ती मागच्या ओळीपर्यंत आली. वर्नाने आपला कागद बोटाच्या टोकाने ओढून घेतला. वर पाहिलं नाही.

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मेकन शहरातल्या एका कॉलेजात, अमेरिकन इतिहासाचा प्रगत अभ्यासक्रम शिकवू पाहणाऱ्या शिक्षकांचं उन्हाळी प्रशिक्षण चाललं होतं. प्रशिक्षक हॅडलीचा नियम असा, की एकाने शिकवायचं आणि बाकीच्यांनी घंटा होईपर्यंत सोळा वर्षांचं व्हायचं. त्यामुळे टक्कल पडलेली, गुडघे दुखणारी माणसं च्युइंग गम चघळत एकमेकांना ढोसत होती.

वर्ना आणि केझाया एकाच शाळेतून आल्या होत्या, आणि शाळेत हा वर्ग एकच निघणार होता. केझाया पोरगी हा वर्ग घ्यायला तयार आहे का ते तुम्हीच पाहा, संध्याकाळी फोन करतो, असं प्रिन्सिपलांनी निघताना वर्नाला बाजूला घेऊन सांगितलं होतं. वर्नाने नाही म्हटलं की वर्ग वर्नाचाच. ‘अजून दोन वर्षं जाऊ द्या’ हे वाक्य तिने खडीसाखरेसारखं जिभेखाली धरून ठेवलं होतं.

तिला केझायाचं तरुणपण खुपत नव्हतं. खुपत होतं ते तिचं थांबणं. प्रश्न विचारून ती गप्प राही, आणि ती शांतता खोलीत पाण्यासारखी चढत जाई. वर्नाला ते कधीच जमलं नव्हतं. वर्ग गप्प झाला की तिचा जीव घाबरा होई आणि ती स्वतःच उत्तर सांगून मोकळी होई.

कागदावर यादवी युद्धानंतरचा, गुलामीतून सुटलेल्या मजुरांशी केलेला कापसाच्या मळ्यावरचा करार होता. अर्धं पीक मालकाचं, मळा सोडायचा तर परवानगी मालकाची. काय दिसतं, एवढंच केझायाने विचारलं आणि ती थांबली.

वर्नाने हात वर केला. नव्या शिक्षकाचा तास कशाने कोसळतो हे तिला पक्कं ठाऊक होतं.

“बाई, हे परीक्षेत येणार आहे का?”

हशा पिकला. कुणीतरी बाक वाजवला.

“नाही येणार,” केझाया म्हणाली. “म्हणून तर निवांत वाच.”

एरवी ती ‘मिस वर्ना, तुम्ही’ म्हणायची. वर्नाचे कान तापले. नजर लपवायला तिने मान खाली घातली, आणि खाली कागदच होता.

असे करार तिने वर्षानुवर्षं शिकवले होते. शेवटी लिहिता-वाचता न येणाऱ्या मजुरांच्या निशाण्या असायच्या, फुल्याच फुल्या. इथेही होत्या. पण त्यांच्यामध्ये एका बाईने आपलं पूर्ण नाव लिहिलं होतं, अक्षर न् अक्षर सुटं, टोचून काढल्यासारखं.

घंटा झाली. माणसं आळस देत पुन्हा आपापल्या वयाची झाली. हॅडली हसला.

“वर्ना, सुटली शाळा. हात खाली घ्या आता.”

तिने हाताकडे पाहिलं. तो पुन्हा कधी वर गेला होता, तिला कळलं नव्हतं. मत्सर होता तिथेच होता.

केझाया हसली नाही. खडू हातात धरून थांबली.

“हिला वाचता येत होतं,” वर्ना हळूच म्हणाली. “काय लिहिलंय ते सगळं कळत होतं हिला. मग हिने सही का केली?”

केझायाने उत्तर दिलं नाही. या वेळी वर्नाही गप्प राहिली.