शेळ्यांकडं तोंड केलेली पाटी

मित्रांनो, भीमसिंगनं माझं तोंड शेळ्यांकडं करून ठेवलं, आणि शेळ्यांना वाचता येत नाही. मी एक जुनी पिवळी पाटी आहे. माझ्या अंगावर तीन काळी पाती आहेत आणि खाली लिहिलंय, किरणोत्सर्गाचा धोका.

तांड्यामागच्या खड्ड्यात कुण्या कंपनीनं यंत्रांचा विषारी माल चोरून पुरला होता. त्याचे किरण दिसत नाहीत, त्यांना वास नाही. मालाचा कण पाण्यातून हाडात जाऊन बसतो. म्हणून तांडा उठवून वसमतकडं नेला आणि मला खड्ड्यावर रोवलं. मला बघून गुराखी गुरं वळवायचे. तेवढाच माझा मान.

मग काही वर्षांनी सरकारी साहेब आले, माती तपासली. म्हणाले, "परत राहायला या. पण बोअरचं पाणी पिऊ नका, इथली भाजी खाऊ नका."

म्हातारी पारुबाई म्हणाली, "पिऊ नका, खाऊ नका, आन् राहा. तुमी येता का सायेब, सोबतीला?"

साहेब मोबाईल बघत राहिले. तांडा मात्र आला. आपली जागा ती आपली. पिण्याला टँकर होता, आला तर.

यंदा भीमसिंगची मिना पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. मला बघून सासरचे तिला तसंच परत नेतील, म्हणून त्यानं मला उपटून, अक्षरं आतल्या बाजूला करून, शेळ्यांच्या खोपटाचं दार केलं. पारुबाई, त्याची आई, तेव्हा जवळा बाजारला लेकीकडं होती.

पारुबाई परतली, शेळी पिळायला आत शिरली आणि मला बघून तिथंच थांबली. बाहेर आली तर पोटुशी मिना बोअरची घागर घेऊन येत होती.

"पाटी गेली ना आजी. बा म्हणला, साफ झालं समदं. टँकर न्हाई आला की हेच पितो आमी."

पारुबाईनं घागर घेतली आणि खड्ड्याकडं नेऊन उलटी केली. माझ्या जागी आता नुसतं भोक होतं.

मित्रांनो, मी गंजले तर मला रंग द्या, वाकले तर सरळ करा. पण मला फिरवू नका.

मागून आलेला भीमसिंग खाली बघून आईला म्हणाला, "याडी, सासरच्यांनी पोरीला ठेवलंच नसतं इथं."

"बराबर. तेच पाह्यजे व्हतं. शेळी पाल्याला तोंड लावायच्या आधी हुंगती. तू पोरीला हुंगूबी दिलं न्हाईस. तुझी इज्जत राह्यली, भीमसिंग. आता लेकराचं काय राह्यतं ते बघत बस."