लाल दोऱ्याची कोंबडी

सुई म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर बटण लावणारी नाजूक बाई येते ना? मित्रांनो, मी त्यातली नाही. मी बोटभर लांब, जाड आणि धनुकलीसारखी वाकलेली आहे. वय विचाराल तर सत्तरीच्या पुढे. अंगावर गंजाचा एकही ठिपका नाही, हे मात्र आधीच सांगते, कारण पुढे कुणी विचारत नाही.

माझा जन्म कोंबड्यांसाठी झालेला नाही. अमेरिकेतल्या लुइझियानात आमच्या बायूकाठी, म्हणजे दलदलीतल्या संथ ओढ्याकाठी, झाडांवरून राखाडी शेवाळं दाढीसारखं लोंबतं. पूर्वी ते वाळवून गाद्यांत भरायचे. अशा गाद्या शिवणाऱ्या ओझेमी गिद्रोनं मला विकत घेतलं. जाड कापडातून आत शिरायचं आणि त्याच बाजूनं वर यायचं, हे माझं काम. सरळ सुईला ते सात जन्मांत जमणार नाही. पुढे बाजारात स्पंजाच्या गाद्या आल्या, ओझेमीचं काम बसलं आणि मी एका डबीत पडून राहिले. पडून राहणं फार वाईट, मित्रांनो. धार जाते ती जाते, वर कुणाला आपली आठवणही येत नाही.

मला डबीतून काढलं ते त्याच्या बायकोनं, एल्डानं. ही बाई अख्ख्या कोंबडीचा सांगाडा असा काढायची, जसं काही बाळाच्या अंगातून झबलं काढावं. पाठीवर एक चीर, मग सुरीच्या टोकानं मांस हाडावरून सोडवत जायचं, कातड्याला भोक पडू द्यायचं नाही. मग पोटात भात, डुकराचा खिमा, कलेजी, कांदा, सेलरी, ढोबळी मिरची आणि डोळ्यांत पाणी आणणारं तिखट. शेवटी मी. लाल दोरा ओवून पाठ शिवायची. लाल का, तर भाजल्यावर चटकन दिसावा आणि कुणाच्या घशात जाऊ नये म्हणून. दर ईस्टरला ही कोंबडी व्हायची. भाजून टेबलावर आली की एल्डा सगळ्यांसमोर दोऱ्याचं टोक धरून एका ओढीत अख्खा दोरा बाहेर काढायची. पोरं टाळ्या पिटायची. खोटं कशाला बोलू, त्या टाळ्या मला माझ्याच वाटायच्या.

एल्डानंतर मी तिच्या लेकीकडे आले. तिचं नाव व्हर्ली. तीही आईसारखीच कसबी निघाली आणि तीस वर्षं आमचं छान चाललं. मग तिची बोटं सुजायला लागली. संधिवात! एका ईस्टरच्या आदल्या दिवशी तिच्या हातून सुरी सटकली, कातडं टराटरा फाटलं आणि ती ओट्याशी उभी राहून रडली. डोळे पुसले, कोंबडी कुत्र्याला घातली, गाडी काढली आणि थेट गावातल्या उलिसच्या मांसाच्या दुकानात गेली. तिथे हाडं काढलेल्या, सारण भरलेल्या, पांढऱ्या सुतळीनं शिवलेल्या कोंबड्या तयार मिळतात. अर्धा जिल्हा त्याच नेतो.

घरी येऊन तिनं ती पांढरी सुतळी कापली, मला लाल दोरा ओवला आणि त्याच भोकांतून शिवण घातली. तेवढं तिला अजून जमायचं, हळूहळू.

दुसऱ्या दिवशी सगळे बोटं चाटत म्हणाले, "आई, या वर्षीची तर आजवरची सगळ्यांत भारी!"

व्हर्ली हसली. ते हसणं कसं होतं ते मला ठाऊक. बिचारीला बरंही वाटलं आणि लागलंही.

असं एक नाही, दोन नाही, अकरा वर्षं चाललं. दर वर्षी ईस्टरच्या आधी स्वयंपाकघराचं दार आतून बंद. "कुणी बघितलं की सारण बिघडतं," असं ती सांगायची आणि सगळे मान डोलवायचे. उलिस मात्र दर खेपेला डोळा मारून विचारायचा, "काय मावशी, यंदाही स्वतःच करणार वाटतं?" ती म्हणायची, "तोंड मिट आणि कागदात गुंडाळ." मी तोंड मिटूनच होते. सुईला सगळं कळतं, पण बोलता येत नाही, हे एक बरं आहे.

मग मागचा ईस्टर आला. गुरुवारी व्हर्लीनं उलिसकडून बर्फासारखी कडक कोंबडी आणून मागच्या शेडमधल्या जुन्या फ्रिजमध्ये लपवली. रविवारपर्यंत ती मऊ होते. शनिवारी दुपारी ती लाल दोरा शोधत होती, तेवढ्यात सून दारात. रेनेला तिचं नाव. राज्याच्या उत्तरेकडची मुलगी, लग्न होऊन चार वर्षं झाली होती. हातात पिशवी आणि पिशवीत हाडांसकट अख्खी, साधी कोंबडी.

"आई, या वेळी मला शिकवा," ती म्हणाली. "बाहेर काढू नका."

"उद्या पाहुणे यायचेत आणि आज शाळा काढू? पुढच्या वर्षी बघू गं."

"तुम्ही दर वर्षी हेच म्हणता. मर्लीनताई सगळ्यांसमोर काय म्हणाल्या ऐकलंत ना? आईनंतर या घरात ही कोंबडी बंद, उत्तरेकडच्यांना नुसती उकडता येते म्हणे."

मर्लीन म्हणजे व्हर्लीची लेक. जीभ माझ्याहून टोकदार.

व्हर्लीला पेच पडला. शिकवायचं तर सुरी धरून दाखवायला हवी, आणि सुरी धरली की अकरा वर्षांचं पितळ उघडं. तरी तिनं सुरी उचलली. बोटं मिटेचनात. सुरी ओट्यावर खणकन पडली. रेनेलानं ती बोटं पाहिली.

व्हर्ली खुर्चीवर बसली. "हात गेले गं माझे," ती म्हणाली. "तोंड तेवढं शाबूत आहे. घे सुरी. पाठीवर, मधोमध. अगं घाबरतेस काय, मेली आहे ती!"

तीन तास लागले. "हाडाला चिकटून जा. मांसाकडे नको वळू. अगं, अगं, कातडं!" असं चालू होतं. कातडं पाच ठिकाणी फाटलं. मी तर घामाघूम झाले, टाके घालून घालून. लाल दोरा आडवा, उभा, तिरका. शेवटी जे झालं ते गोधडीसारखं दिसत होतं. रेनेला त्याच्याकडे बघून हसली आणि मग तिचे डोळे भरले.

"आई, ही ठेवायची कशी हो टेबलावर?"

"बघू उद्या," व्हर्ली म्हणाली.

रविवारी सकाळी व्हर्ली एकटीच शेडमध्ये गेली. दुकानातली कोंबडी आणून तिनं ओट्यावर ठेवली. गोल, गुळगुळीत, नीटनेटकी. शेजारी आमची गोधडी. मित्रांनो, माझा जीव टांगणीला लागला. नुसता दोरा बदलायचा, की तिची अब्रू जागच्या जागी. सुनेला सांगता आलं असतं, "तुझी बिघडली, मी रातोरात दुसरी केली." कुणाला पत्ता लागला नसता. तिनं मला हातात घेतलं, बराच वेळ धरलं आणि खाली ठेवलं. दुकानातली परत शेडमध्ये गेली. गोधडी ओव्हनमध्ये गेली.

दुपारी सगळे जमले. अंगणात पोरं रंगवलेली अंडी एकमेकांवर आपटून कुणाचं फुटतं ते बघत होती. टेबलावर कोंबडी आली. रेनेलानं दोऱ्याचं टोक ओढलं, तर दोरा सहा ठिकाणी अडकला. शेवटी कात्री आणावी लागली. टाळ्या नाहीत. मर्लीननं एक घास घेतला आणि थांबली. तोंडातून चिमट्यासारखं एक हाड काढलं आणि सगळ्यांना दिसेल असं ताटाच्या काठावर ठेवलं.

"दादा, बायकोला सांग तुझ्या," ती भावाला म्हणाली. "आईच्या कोंबडीत आजवर कधी हाड लागलं नाही. ज्याला जे येतं त्यानं तेच करावं."

रेनेलाची मान खाली. नवरा ताटातला भात चिवडत बसला.

व्हर्ली उठली आणि मागच्या दारानं बाहेर गेली. परत आली ती दोन्ही हातांत कवटाळून दुकानातली कोंबडी घेऊन. गार, कच्ची, पांढऱ्या सुतळीसकट, वर उलिसच्या दुकानाचा कागद चिकटलेला. ती तिनं धपकन मर्लीनच्या ताटाशेजारी ठेवली.

"ही आईची कोंबडी," ती म्हणाली. "अकरा वर्षं हीच खाताय. मी फक्त दोरा बदलत होते. हात गेले हे सांगायची लाज वाटली मला. अकरा वर्षांत घरी केलेली कोंबडी ही एकच, आणि ती माझ्या सुनेनं केलीय."

मग तिनं ती कोंबडी लेकीकडे आणखी पुढे सरकवली.

"तुझी तू घेऊन जा मर्लीन. हाड नाही तिच्यात एकही."

पहिलं हसू रेनेलालाच फुटलं, तोंडावर हात दाबून. मग तिच्या नवऱ्याला. मग पोरांना, कशाला हसायचं ते न कळताच. मर्लीनचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण पोरगी खरी आईचीच. थोड्या वेळानं तिनं ताट पुढे केलं आणि म्हणाली, "वहिनी, वाढ अजून. सारण बरं झालंय. तिखट कमी आहे, पण बरं झालंय."

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंचं मागणं फार नसतं. काम झालं की गरम पाण्यानं धुवा, लगेच पुसा, तेलाचं बोट फिरवा. तेवढ्यावर आम्ही दोन पिढ्या काढतो. पण माणसाच्या हाताला तेल लावून चालत नाही. म्हणून तुमच्या घरात कुणाला काही छान येत असेल तर आजच त्यांच्याजवळ जाऊन उभे राहा. हाकललं तरी हलू नका. आणि तुम्हाला शिकवताना त्यांचे हात थरथरले, तर बघितलं नाही असं दाखवू नका. हात धरा.

परवाच रेनेला दुसरी कोंबडी घेऊन बसली होती. व्हर्ली शेजारी खुर्चीवर, तोंडाचा पट्टा चालू. या वेळी कातडं दोनच ठिकाणी फाटलं.