शांत खोलीतला कल्लोळ

गोंगाटानं नर उंदरांचं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे नरपणाचं हार्मोन, घटतं. एवढं सिद्ध करण्यासाठी मी पीएचडीची सगळी वर्षं घासली होती. एका खोलीत दिवसभर भोंगा, दुसरीत चिडीचूप. आणि निकाल काय? दोन्हीकडचे उंदीर सारखेच ढेपाळलेले! माझे गाईड सर म्हणाले, "आवाजाचा काही संबंध दिसत नाही. सोमवारी प्रयोग बंद." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

घरी येऊन आतेबहिणीपुढे सगळं भडाभडा ओकले. ती वटवाघळांचा अभ्यास करते, म्हणून आम्ही तिला वाघूळताईच म्हणतो.

"शांत म्हणजे कुणाच्या कानांना शांत?" तिनं विचारलं.

"माझ्या! आणखी कुणाच्या?"

"उंदरांना विचारलंस का, शहाणे?"

असा राग आला म्हणून सांगू! पण दुसऱ्या दिवशी तिला घेऊनच गेले. माणसाला ऐकू न येणारे बारीक आवाज ऐकवणारं यंत्र तिच्याकडे असतं. शांत खोलीत तिनं ते सुरू केलं मात्र, पत्र्यावर करवत चालावी तशी किंकाळी सुटली. छताकडे नेलं की आणखी वाढायची. ट्यूबलाइटचा चोक! जुना गुणगुणतो म्हणून सरांनीच हौसेनं हा नवा बसवला होता. बिचारे उंदीर रात्रंदिवस त्याच्याखाली होते.

मी सरांना अक्षरशः ओढत आणलं आणि बटण बंद केलं. किंकाळी थांबली. अंधारात आम्ही तिघं श्वास रोखून उभे राहिलो. बऱ्याच वेळानं यंत्रातून एक बारीकशी चिवचिव आली. मग पलीकडच्या पिंजऱ्यातून दुसरी.

"हे काय?" सर कुजबुजले.

"उंदीर बोलतायत, सर," ताई म्हणाली.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. इतकी वर्षं यांना खाऊ घातलं, पण यांचा आवाज कधी कानावर पडला नव्हता!

"सोमवारचं राहू दे," सर म्हणाले. "आधी दिवा बदला."

काही आठवड्यांनी रक्ताचा अहवाल आला. भोंग्याच्या खोलीत हार्मोन तसंच खाली, शांत खोलीत मात्र चांगलं चढलेलं. मी धावतच तिथे गेले, ताईकडून मागून घेतलेलं यंत्र लावलं आणि ओरडले, "अरे, जिंकलो आपण!"

एक क्षण सगळे उंदीर गप्प झाले. मग पुन्हा आपापसात असे काही बोलू लागले की विचारू नका. माझं ऐकायला वेळ होता कुणाला! मी मुकाट्यानं खाली फरशीवर बसले आणि ऐकत राहिले.