ओढ्यापाशी बंद पडणारी गाडी

पोपट मेकॅनिकनं पेट्रोलची नळी टाकीच्या कॉकपासून सोडवली, एक टोक तोंडात धरलं आणि गाल फुगवून फुंकर मारली. दुसऱ्या टोकातून पेट्रोलचे दोन थेंब उडाले आणि सदूच्या चपलेवर पडले.

"नळी साफ हाय," पोपट थुंकत म्हणाला. "जेट साफ, कार्बोरेटरची वाटी साफ, प्लग नवा. सदूभाऊ, आता फकस्त तुमालाच खोलून बघायचं ऱ्हायलंय."

सदू हसला नाही. कळंबच्या नाक्यावरच्या पोपटच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो सकाळपासून उलट्या बादलीवर बसून होता. समोर त्याची मोटारसायकल अर्धी उघडी उभी होती. खोपोलीच्या कारखान्यात लागला त्या वर्षी त्यानं ती घेतली होती. आता तो रिटायर होऊन चार वर्षं झाली, पण गाडीला रिटायर करायचं त्याच्या जिवावर येत होतं.

तशी ती वाईट नव्हती. दुकानात, शेतावर, पिठाच्या गिरणीत, कुठंही पळायची. फक्त एका वाटेनं निघाली की रुसायची. कशेळ्याच्या अलीकडे एक ओढा लागतो, तिथल्या मोरीवर आली की दोन आचके देऊन गप्प व्हायची. एकदा नाही, तीनदा. सदू उतरायचा, टाकीचं झाकण उघडून आत पेट्रोल आहे ना ते बघायचा, झाकण लावून किक मारायचा, आणि गाडी चालू! मग तो ती घराकडे वळवायचा. घराकडे मात्र ती शहाण्या बैलासारखी धावायची.

कशेळ्याच्या पुढे ठाकरांची एक वाडी आहे. तिथं सदूची लेक भाग्यश्री नांदत होती. वाडीतला कमळ्या कशेळ्याच्या स्टँडवर जीप चालवायचा. दोन वर्षांपूर्वी तिनं त्याच्याशी आपल्या मनानं लग्न केलं आणि सदूनं तिचं नाव घरात घ्यायचं सोडलं. पुढे तिला मुलगी झाली. मग सदूच्या बायकोनं, सुंदरानं, बोलून, अबोला धरून, भाकऱ्या करपवून त्याला निघायला लावलं. तिला एकटीला जीपनं जाता आलं असतं. पण तिचं एकच टुमणं होतं.

"जाईन तर तुमच्यासंगं. एकटी गेले, तर बाप आला नाय हेच तिला सांगाय गेल्यावानी व्हईल."

पहिल्यांदा गाडी बंद पडली तेव्हा सदू म्हणाला, जुनी झाली. दुसऱ्यांदा त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली. तिसऱ्यांदा त्यानं मोरीवर उभं राहून हात जोडले. देवळात गुरव कौल लावतो, पाकळी नको त्या बाजूला पडली की माणूस ते काम सोडून देतो. इथं तर अख्खी गाडी पडत होती. देवाच्या मनात नाय, असं त्यानं शेजारी उभ्या सुंदराला सांगितलं. खरं सांगायचं तर, सांगताना त्याला फार हलकं वाटलं. लेकीला नाही म्हणायचं काम परस्पर देवानं घेतलं होतं. तरी सुंदरानं हट्टानं गाडी पोपटकडे लावायला लावली.

"चला, जिथं पडते तिथंच जाऊ," पोपट हात पुसत म्हणाला. "दवाखान्यात नेलं की ताप बराबर उतरतो. तिला घरीच गाठायला पायजे."

पोपट चालवत होता आणि सदू मागं बसला होता. माघातलं दुपारचं ऊन वालाच्या शेतांवर पसरलं होतं. कुठंतरी भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा पेटवून राब भाजत होते, त्याचा निळसर धूर रस्त्यावर आडवा येऊन थांबला होता आणि गाडी त्यातून जाताना सदूला आपण रस्त्यावरून चाललोय की झोपेतून, ते कळेना. आजवर या वाटेनं येताना त्यानं फक्त पुढं पाहिलं होतं, ओढा आला का म्हणून. आज मागं बसल्यावर कडेची झाडं दिसली. लहानपणी भाग्यश्री याच टाकीवर त्याच्या पुढ्यात बसायची. वाऱ्यानं तिचे केस त्याच्या तोंडावर यायचे, आणि तो फू फू करत गाडी चालवायचा. ते आठवलं आणि त्याला तिची फार आठवण आली.

मोरीवर गाडीनं दोन आचके दिले आणि ती थांबली.

पोपटनं किक मारली नाही. तो वाकला, टाकीला कान लावला आणि झाकण हळूच फिरवलं. आत बारीक आवाज झाला, कुणीतरी लांब श्वास घेतल्यासारखा.

"ऐकलं का? हवा आत गेली. ह्या झाकणाला बारीक भोक असतं. पेट्रोल खाली उतरलं का तेवढी हवा वरनं आत याय लागते. तुमचं भोक बंद हाय. मोरीपतुर गाडी आतल्या हवेवर येते, मग पेट्रोल खाली येयाचं थांबतं. तुमी झाकण उघडता, ती श्वास घेते, आनि माघारी घरापतुर जाते."

त्यानं खिशातली तार भोकात घातली. आधी काळा मेणचट गोळा निघाला, मग लाल चुरा, मग पिवळा, आणि शेवटी अक्षतेचा एक तुकडा.

"कुंकू!" पोपट खो खो हसला. "वैनी पूजा करतात वाटतं."

करत होती. दर दसऱ्याला करायची, आणि तिन्ही वेळा लेकीकडे निघताना केली होती. गाडीला कपाळ कुठलं? त्यातल्या त्यात ते गोल झाकण तिला कपाळासारखं वाटायचं. ओलं हळदकुंकू अंगठ्यानं त्यावर दाबून ती गाडीशीच पुटपुटायची, "नीट पोचव गं बाय." सदूनं ते ऐकलं होतं.

"आता कुठंबी घेऊन जा," पोपट म्हणाला.

सदूला भीती वाटली. देव मधून निघून गेला होता आणि मोरीवर तो एकटाच उरला होता. त्यानं झाकण हातात घेतलं, भोकावर अंगठा ठेवला आणि तसाच उभा राहिला.

"काय झालं, सदूभाऊ?"

"काय नाय." त्यानं अंगठा काढला. "सुंदराला कुंकवाचं सांगू नको रं."

"मी कशाला सांगतोय? कचरा व्हता म्हनीन."

संध्याकाळी सुंदरा ओटीवर वाल सोलत बसली होती. "गावलं का काय?" तिनं मान वर न करता विचारलं.

नाय, एवढं म्हटलं असतं तरी सगळं जागच्या जागी राहिलं असतं. सदूनं पाय धुतले. एरवीपेक्षा बराच वेळ धुतले.

"गावलं. कचरा अडकला व्हता. उद्या जाऊ."

सुंदरा उठून आत गेली. तिचा फोनवरचा आवाज त्याला ऐकू आला. "उद्या येतो गं आमी," ती म्हणत होती, पण फार जपून.

सकाळी ती ताट घेऊन अंगणात आली. तिचा अंगठा टाकीकडे गेला तसा सदू म्हणाला, "टाकीला नको."

"मग?"

"मला लाव."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. मग कुंकू त्याच्या कपाळावर दाबलं, जरा जास्तच जोरात.

रस्त्यावर धुकं होतं. ओढा आला तशी सुंदराची मूठ त्याच्या सदऱ्यावर आवळली. मोरी पायाखालून गेली, मागं पडली, आणि गाडी आपली फटफटत राहिली. थोड्या वेळानं मूठ सैल झाली. कशेळ्याचा बाजार सदूच्या जुन्या पाहण्यातला, पण आज धुक्यात तो कुठल्यातरी लांबच्या मुलखातला वाटत होता. पुढच्या चढावर काटेसावरीची लाल फुलं रस्त्यावर पडली होती. सदूनं त्यांच्यावर चाक घातलं नाही. तो मनात बोलणं जुळवत होता. टाकीचं झाकण, भोक, हवा. तीन वेळा का आलो नाही, ते लेकीला नीट समजावून सांगायचं होतं, आणि यावेळी खरं कारण हाताशी होतं.

भाग्यश्री अंगणात सडा घालत होती. दारात झोळी टांगलेली, आत मूल झोपलेलं. गाडीच्या आवाजानं तिनं वर पाहिलं. ती धावत आली नाही. बादली खाली ठेवून ओले हात लुगड्याला पुसत उभी राहिली. सुंदरा उतरून थेट झोळीकडे गेली.

"आज काय रांधलं नाय मी," भाग्यश्री बापाला म्हणाली. "आदीच्या तिन्ही येळा रांधलं व्हतं. वालाची उसळ, तांदळाच्या भाकऱ्या, दुपारपतुर झाकून ठिवायची. काल आई म्हनली येतो, तवा म्हटलं..."

तिनं बादली पायानं बाजूला सारली.

सदूनं झाकणाचं सांगायला तोंड उघडलं. जुळवलेलं सगळं बोलणं तयार होतं.

"गाडी बंद पडायची," तो म्हणाला. "पन चालूबी व्हायची गं. माघारी मी वळवली."

भाग्यश्री त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं भिंतीला टेकवलेलं सूप उचललं आणि तांदूळ घ्यायला आत वळली.

"बसा, बाबा," ती दारातून म्हणाली. "भाताला येळ लागंल."

"लागू दे," सदू म्हणाला आणि जमिनीवरच बसला.