लाल डागामागची काळी जागा

सोबतचे वैमानिक तिला पाठीमागे वळसाबाई म्हणत आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं. बारा वर्षं उजव्या खुर्चीत बसून विमान उडवलं की माणसाला पाठीमागचंही ऐकू येऊ लागतं. डावी खुर्ची कॅप्टनची. तिथं कायमचं बसायचं तर परीक्षेचं उड्डाण, आणि त्याच्या संधी तीन. आजची तिसरी. आज हुकलं तर निवृत्त होईपर्यंत उजवी खुर्ची.

पहिल्या परीक्षेत ती एका वादळी ढगाच्या फार जवळून गेली. विमान असं उसळलं की मागे केबिनमध्ये चहा देणाऱ्या मुलीच्या हातावर उकळतं पाणी सांडलं. शेरा आला, 'धोका ओळखत नाही.' ते तिनं मान खाली घालून मान्य केलं. त्या मुलीला घरी जाऊन भेटूनही आली. दुसऱ्या परीक्षेत, दुसऱ्या परीक्षकासमोर, तिनं ढगाला इतका लांब वळसा घातला की इंधन पुरेना आणि भलत्याच गावी उतरावं लागलं. शेरा आला, 'अनावश्यक भीती.' आणि नावही तेव्हाच पडलं.

दोन्ही कागद तिनं घरी फ्रिजच्या दारावर शेजारी शेजारी लावले होते. नवरा दातांचा डॉक्टर. तो एक दिवस दूध काढता काढता म्हणाला, "हे दोघे परीक्षक एकमेकांना कधी भेटलेत का गं? आधी त्यांचं एकमत होऊ दे, मग तू परीक्षेला बस."

ती हसली नाही. तेच तर तिला कुणीतरी सांगायला हवं होतं. किती जवळ म्हणजे धोका आणि किती लांब म्हणजे भीती?

आजचे परीक्षक होते मास्तर. हे त्यांचं टोपणनाव. कानावर पेन्सिल, मांडीवर छोटी वही, आणि पावणेदोन वर्षांवर आलेली निवृत्ती. आज ते उजव्या खुर्चीत, तिचे सहवैमानिक म्हणून बसले होते. त्यांची एक खोड सगळ्यांना माहीत होती. उडताना ते मधेच काहीतरी सुचवत, अगदी साध्या आवाजात, चेहऱ्यावरची माशीही न हलू देता. ते खरंच सुचवतायत की सापळा लावतायत, हे कुणाला म्हणून कधी कळलं नव्हतं.

निघण्याआधीच सुरुवात झाली. तिनं अर्धा तास घिरट्या घालता येतील एवढं जादा इंधन मागितलं.

"एवढं?" मास्तर म्हणाले. "संसार घेऊन निघालीयेस का बाई?"

"दुपारी ढग फुगतात, सर."

"हं." आणि वहीत काहीतरी लिहिलं.

विमान उशिरानंच निघालं. मागे दीडशे माणसं चुळबुळत होती. वर चढताना तिनं रडारचा कोन खाली घेतला. विमानाच्या नाकात एक तबकडी असते. ती समोर टॉर्चसारखा झोत टाकते आणि पावसाच्या थेंबांवरून परत आलेलं पडद्यावर रंगांत दाखवते. हलका पाऊस हिरवा, जोराचा पिवळा, त्याहून जोराचा लाल. काहीच परत आलं नाही तर काळं. विमान चढत जातं तसा हा झोत खाली वळवावा लागतो, नाहीतर तो ढगाच्या डोक्यावरून निघून जातो. ढगाच्या माथ्यावर कोरडा बर्फ असतो, तो जवळजवळ काहीच परत पाठवत नाही. पडदा मग अगदी निर्मळ दिसतो आणि वैमानिक आनंदानं वादळात शिरतो. नवख्यांची ही नेहमीची चूक. तिनं ती बारा वर्षांत केली नव्हती. शेऱ्यांत मात्र याचा कुठे उल्लेख नव्हता.

तासाभरानं समोर ढगांची रांग लागली. पडद्यावर दोन मोठे लाल डाग, साठेक मैलांवर. दोघांच्या मधे पिवळी पट्टी आणि पट्टीच्या मागे स्वच्छ काळं.

मास्तरांनी पेन्सिलीचं टोक पट्टीवर टेकवलं. "दार उघडं आहे. थोडे धक्के बसतील, पलीकडे मोकळं. पट्टे बांधायला सांगायचे आणि सरळ जायचं."

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. चेहरा कोरा. हा सापळा होता का? की बत्तीस वर्षं उडलेल्या माणसाचं मत? मत असेल तर खोडून काढणं म्हणजे पुन्हा 'अनावश्यक भीती'. सापळा असेल तर मान डोलावणं म्हणजे 'धोका ओळखत नाही'. तिच्या मनात आलं, दोन्ही कागद आज फ्रिजवरून उतरून इथंच येऊन बसलेत.

"एक मिनिट, सर."

तिनं कोन आणखी खाली केला. आता झोत लांबवर जमिनीला टेकला आणि पडद्याच्या वरच्या कडेला जमिनीचे बारीक ठिपके उमटले. डावीकडे ठिपके, उजवीकडे ठिपके. पिवळ्या पट्टीच्या मागे मात्र एकही नाही. जमीन तिथं नाहीशी झाली होती जणू.

"बघा ना सर. मागे मोकळं असतं तर तिथली जमीन दिसली असती. झोत तिथवर पोचतच नाहीये. पुढचा पाऊसच सगळा गिळतोय. मागे काय आहे ते आपल्याला माहीत नाही."

"काही नसेलही."

"नसेलही."

"मग?"

"मग माहीत नाही त्यात मी जाणार नाही."

"तुझा निर्णय," मास्तर म्हणाले आणि वहीत लिहिलं. तिला त्या पेन्सिलीचा एवढा राग आला की ती हिसकून खिडकीतून फेकावी असं वाटलं. पण विमानाची खिडकी उघडत नाही.

वारा डावीकडून उजवीकडे वाहत होता. म्हणजे डावीकडून वळसा घालायचा, कारण उजवीकडे ढग आपल्या गारा आणि झोडपणारी हवा दूरवर फेकत असतो. तिनं रेडिओवर डावीकडे तीस मैल मागितले.

"डावीकडे मनाई आहे," जमिनीवरचा नियंत्रक म्हणाला. "खाली सैन्याचा गोळीबाराचा सराव चालू आहे. उजवीकडे घ्या, हवं तेवढं."

"उजवीकडे नको. डावीकडे कधी मोकळं होईल?"

"सांगता येत नाही. उजवीकडे घ्यायचंय का?"

"उजवीकडे वाऱ्याची उतरती बाजू आहे. मला डावीकडेच हवंय."

"ऐकलं मी. डावीकडे मनाई आहे."

म्हणजे दवाखान्याच्या खिडकीवर जसं होतं तसं. तुम्ही कितीही समजावून सांगा, पलीकडचा माणूस तेच वाक्य त्याच आवाजात पुन्हा ऐकवतो. तिनं तिथंच घिरट्या घालायची परवानगी मागितली. ती लगेच मिळाली. थांबायला कुणाचीच ना नसते.

पहिली घिरटी झाली. केबिनच्या ताईंनी आतून फोन केला. "कॅप्टन, लोक विचारतायत आपण गोल का फिरतोय. एक काका म्हणतात, उभ्या आयुष्यात पहिल्यांदा बाई चालवतेय आणि रस्ता चुकली."

"काकांना सांगा, रस्ता दिसतोय. त्यावर गर्दी आहे."

"बरं. पण त्यांना ते पटायचं नाही."

"मला कुठे सगळं पटतंय, ताई."

दुसऱ्या घिरटीला मागून दुसऱ्या कंपनीचं विमान आलं. त्याच उंचीवर होतं आणि त्यालाही पुढेच जायचं होतं. त्याच्या कॅप्टननं फारशी विचारपूस न करता दोन लाल डागांच्या मधून सरळ जायचं ठरवलं. वळसाबाईनं श्वास धरला. मास्तरांनी रेडिओचा आवाज वाढवला.

चार मिनिटांनी त्याचा आवाज आला, अगदी आळसावलेला. "पलीकडे आलो. मधे धक्के होते, बऱ्यापैकी. पण चालून जाण्यासारखं."

तिच्या तोंडात मारल्यासारखं झालं. त्या माणसांचं बरं झालं याचा आनंद व्हायला हवा होता, आणि तो होण्याआधी दुसरंच काहीतरी झालं याची तिला लाज वाटली. मनातल्या मनात तिनं हात जोडले. सुखरूप गेले ना, बास.

मास्तर तिच्याकडे वळले. "चालून जाण्यासारखं, म्हणतोय."

"ऐकलं मी."

"अजूनही थांबायचंय?"

तिनं पडद्याकडे पाहिलं. पट्टी अजून पिवळी होती, मागे अजून काळं. फक्त दोन्ही डाग एकमेकांकडे थोडे सरकले होते. की तिला तसं वाटत होतं?

"सर, तो गेला ती वाट चार मिनिटांपूर्वीची. आपण पोचेपर्यंत दहा होतील. हे ढग दहा मिनिटं होते तसे राहत नाहीत. आणि मला मागचं तेव्हाही दिसत नव्हतं, आत्ताही नाही. त्यानं नीट जाण्यानं मला दिसायला लागलं असं थोडंच आहे?"

बोलताना तिचा आवाज चढला नाही. तिचा कधीच चढत नसे. लोकांना त्यामुळे वाटे की ती आतून डळमळते आहे.

पाचव्या घिरटीला तिनं पुन्हा डावीकडे मागितलं. मनाई. सहाव्या घिरटीला पुन्हा. जादा इंधन मोजून अकरा मिनिटांचं उरलं होतं. ते संपलं की परत फिरायचं, आणि परत फिरणं म्हणजे वळसाबाईची तिसरी गोष्ट वैमानिकांच्या जेवणाच्या टेबलावर वर्षभर पुरली असती. तिनं परतीचा रस्ता काढून ठेवला.

सातव्या घिरटीच्या मध्यात नियंत्रक म्हणाला, "डावीकडे तीस मैल मोकळे."

"आता सुचलं," ती पुटपुटली आणि विमान वळवलं.

ढगांच्या कडेनं जाताना बाजूनं रडारचा झोत आत शिरला. जिथं मघाशी दार होतं तिथं आता एकच सलग लाल, आणि त्याच्या मागे आणखी एक लाल, आधीच्या दोघांहून मोठा. तिनं न बोलता बोट दाखवलं.

"आत्ता आहे," मास्तर म्हणाले. "तो गेला तेव्हा असेल असं नाही."

"नसेल असंही नाही."

"नाही. तसंही नाही."

टाळलेलं वादळ हातात घेऊन कुणाला दाखवता येत नाही. अठ्ठेचाळीस मिनिटं उशिरानं विमान टेकलं. दारात ते काका भेटले, म्हणाले, "आपल्या मागून आलेलं विमान केव्हाच पोचलं, बाई." तिनं त्यांना नमस्कार केला. काय सांगणार?

सगळे उतरल्यावर मास्तरांनी वही मिटली आणि छापील कागद गुडघ्यावर घेतला. तिला राहवेना.

"सर, एकच विचारू? तुम्ही मधून जायला सांगितलंत ते मला तपासायला ना?"

मास्तरांनी पेन्सिल कानावर ठेवली. "नाही. मी खरंच गेलो असतो."

तिला वाटलं होतं, हे ऐकून हायसं वाटेल. उलट अंगाचा तिळपापड झाला. "मग मी पाऊण तास कसली परीक्षा देत होते? तुम्ही खरं सांगताय की सापळा लावताय, हे शोधण्यात माझं अर्धं डोकं गेलं, सर! ढगाकडे बघायला अर्धंच उरलं होतं!"

"कॅप्टनला अर्धंच मिळतं. दुसरं अर्धं माझ्यासारखे लोक खातात." त्यांनी सही केली. "मला पटलं म्हणून करत नाहीये, लक्षात ठेव. मला नाही पटलं. पण मी, तो रेडिओवरचा आणि पुढे गेलेलं विमान, तिघांनी मिळून ढकललं तरी तू माहीत नसलेल्याला माहीत आहे म्हणाली नाहीस. परतीचा रस्ताही काढून ठेवलास. ते मी बघितलं."

शेऱ्याच्या जागी त्यांनी लिहिलं होतं, 'कॅप्टनपदास योग्य. उशीर ४८ मिनिटे.' दोन्ही एकाच ओळीत, सारख्याच अक्षरात.

ते उतरून गेले. ती डाव्या खुर्चीत तशीच बसून राहिली. मग नवऱ्याला फोन लावला.

"झालं?" त्यानं विचारलं. मागे कुणाच्या तरी दातावर यंत्र घरघरत होतं.

"झालं. सही दिली."

"अगं मग आवाज असा का? कॅप्टन झालीस तू!"

"झाले ना." तिनं कागद पुन्हा वाचला. "पण मला अजून भांडायचंय रे. आणि इथं कुणी उरलंच नाहीये."

"घरी ये," तो म्हणाला, "माझ्याशी भांड. मी पण तुझं काही पटवून घेणार नाही."