कपटे

"नाक काय मुरडताय, किडेबाई? कशी लख्ख दिसतेय पेटी, बघा तरी!" नवे साहेब म्हणाले.

कीटकसंग्रहात एकतीस वर्षं काढलेल्या किडेबाईंना कशाची किळस म्हणून नव्हती. झाडांवरच्या ढेकणांचा उग्र वास बोटांना इतका मुरला होता, की सून त्यांच्या हातून पाण्याचा पेलाही घेत नसे. आज मात्र पेटी बघून त्यांनी नाक मुरडलं होतं. टाचणीवरच्या प्रत्येक किड्याखाली त्यांच्या अक्षरातली एक चिठ्ठी असायची. आता एकही नव्हती. पेटीवर ठळक छापलं होतं : ढेकूण.

"चिठ्ठ्या कुठायत?"

"ते पिवळे कपटे? काल काढायला लावले. कचऱ्याच्या टोपलीत असतील. नावं तुम्हाला पाठच आहेत की."

"नाव किडाच सांगतो, साहेब." बाई पोरांना शिकवायच्या सुरात म्हणाल्या. "मिशीला पाच पेरं, पाठीवर ढाल, तो पेंटाटोमिडी. चारच पेरं नि मागचा पाय पानासारखा चपटा, तो कोरेइडी. शेवटी 'इडी' आलं की समजायचं, हे सगळ्या घराण्याचं नाव. पण कुठल्या झाडावर, कुठल्या दिवशी सापडला, हे तो नाही सांगत."

"मग लावा अंदाजानं! उद्या तपासणीला कोण वाचतंय?"

बाईंना शिसारी आली. टोपलीत चहाचा चोथा होता, केळ्याची सालं होती, कुणीतरी थुंकलंही होतं. त्यांनी त्यात हात घातला.

"अहो बाई, शी!" साहेब मागे सरले.

दुपारपर्यंत टेबलावर चारशे बारा चिठ्ठ्या वाळत पडल्या. कुठली कुणाची, देव जाणे. एक तेवढी त्यांनी उचलली. इस्पितळाच्या दारातलं लिंबाचं झाड, तारीख, वेळ सकाळची. यजमान वारले त्या दिवशी पदरावर येऊन बसलेला ढेकूण त्यांनी सवयीनं औषधाच्या रिकाम्या बाटलीत धरला होता. मागचा डावा पाय नसलेला.

तो त्यांना लगेच सापडला. टाचणी उपसून चिठ्ठी त्याच्याखाली ओवली.

बाकीच्या चारशे अकरा चिठ्ठ्या पाकिटात भरून त्यांनी वर लिहिलं : 'कोणाच्या, माहीत नाही.' खाली सही केली, आणि हात न धुता पेटीचं झाकण लावलं.