घरचे पाच जण

हळदीचा वास आला की मला दादांची बोटं दिसतात. दादा म्हणजे माझे वडील. धारला दुकानांच्या पाट्या रंगवायचे. तिरल्यापासून राजगढपर्यंत किराणा, खतं, साड्यांच्या कितीतरी दुकानांवर त्यांची वळणदार हिंदी अक्षरं अजून ऊन खात उभी आहेत. वर्षभर त्यांच्या नखांच्या कडांत निळा-लाल ऑइल पेंट असायचा. मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला मात्र ती बोटं घासलेटानं स्वच्छ व्हायची आणि खंडोबाच्या भंडाऱ्यानं पिवळी. माळव्यातलं तेव्हाचं ऊन मवाळ, मायाळू. त्या उन्हात देवापुढे बसलेले दादा मला फार देखणे वाटायचे.

त्या दिवशी तळी भरायची. ताम्हणात विड्याची पानं, सुपारी, खोबऱ्याची वाटी आणि भंडारा ठेवायचा, आणि पाच जणांनी काठाला धरून 'येळकोट' म्हणत ते उचलायचं. इतरांकडे शेजारीपाजारीही हात लावतात, आमच्याकडे नाही. आमचे कुणी पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर घोड्यांची चाकरी करत इकडे आले. परमुलखात आपलं माणूस उरेल का, या धास्तीनं ते झुरू लागले, तेव्हा खंडोबानं स्वप्नात शब्द दिला: तुझी तळी उचलायला घरचेच पाच जण मिळतील, पिढ्यानपिढ्या. हा शब्द दादांनी आम्हाला दूधभाताबरोबर भरवला. संस्थान गेलं, पुढे फ्लेक्स आले नि दादांचा ब्रश वाळला, पण तो शब्द त्यांच्या लेखी कालच दिलेला होता. आम्ही तिघी मुलीच झालो म्हणून लोक हळहळले, तर दादा म्हणाले, "त्याची काळजी त्याला." आणि खरंच, धाकट्या काकांना चार मुलगे झाले. दादा धरून पाच. काका गेले, मुलं पुण्याला नोकरीला लागली, तरी चंपाषष्ठीला चौघे न चुकता यायचे.

त्या वर्षी वांग्याचं भरीत झालं, रोडगे भाजून झाले, सकाळची गाडी येऊन गेली. चौघांऐवजी थोरल्याचा फोन आला. "काका, इस बार नहीं हो पाएगा. सुट्टीच मिळेना कुणाला. शेजारच्यांना बोलवा ना, क्या फर्क पड़ता है!" दादा "बरं" म्हणाले. बोलणं कानावर पडलं म्हणून शेजारी कुंपणाशी आले, "भिया, हम आ जाएँ क्या?" दादांनी त्यांना हात जोडले आणि मान हलवली.

मग ते तळीसमोर बसून राहिले. मागे आम्ही उभ्या होतो: आई, आम्ही तिघी बहिणी आणि पहाटे देवासहून माझ्याबरोबर आलेली माझी लेक. शेवटी तिलाच राहवलं नाही. "आजोबा, हम उठा लें? आजी, आई, दोन्ही मावश्या, मी. पाच तर आहोत!"

दादा हसले. प्रेमानंच हसले. तिच्या गालाला भंडारा लावून म्हणाले, "बेटा, तळी घरच्यांनी उचलायची असते."

आईनं पदर डोळ्याला लावला. आम्ही बहिणींनी एकमेकींकडे पाहिलंसुद्धा नाही. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं, ताम्हणातली पानं मलूल झाली. मग दादा देवाच्या टाकाकडे बघून, जुन्या मित्राशी बोलावं तसे, अगदी हळू म्हणाले, "फसवलंस रे मला." मला रडू फुटलं. त्यात दादांची कीव होती, पण राग जास्त होता, कारण फसवणूक झाली होती ती एकट्या त्यांची नव्हती.

त्यानंतर त्यांनी भंडाऱ्याला हात लावला नाही. वैशाखात गेले, तेव्हा त्यांच्या बोटांवर ना रंग होता, ना हळद.

वर्ष सरल्यावरच्या चंपाषष्ठीला आईनं ताम्हण भरलं आणि पदर खोचला. आम्ही चौघी भोवती बसलो आणि तळी उचलली. 'येळकोट' सगळ्यांत मोठ्यानं माझी लेक ओरडली. इतकी वर्षं वाटलं होतं त्यापेक्षा ते ताम्हण हलकंच निघालं.

आता दरवर्षी उचलतो. देवानं शब्द राखला, असं आई म्हणते. राखला असेल. पण कपाळाला भंडारा लावताना मी अजून त्याच्याशी भांडते. माणसं समोर उभी होती, शब्द खरा होता. मग ज्याला तो जन्मभर जपायला लावलास, त्याची मान एकदा मागे वळवायला तुझं काय जात होतं? इतक्या पिढ्या सांभाळल्यास, आणि ती एक दुपार तेवढी तुला सांभाळता आली नाही. काळ पुढे निघून आला, दादा नाहीत. पण माझ्या आठवणीत ते अजून त्याच दुपारी बसलेले आहेत, घरच्यांची वाट बघत, आमच्याकडे पाठ करून.